जुने खोदयंत्र आणि मध्यम कास्तकार

अलीकडे आपल्या भातकुली तालुक्यात, विशेषतः खारतळेगाव, खोलापूर, आष्टी, आसरा ह्या बाजूस, चार कास्तकार एके ठिकाणी बसले म्हणजे पाऊसपाणी व कापसाचा भाव ह्या दोन गोष्टींनंतर तिसरी गोष्ट हटकून निघते, ती जुन्या ‘जेसीबी’ची. अमुक ठेकेदाराचे काम संपले, तो स्वस्तात यंत्र काढतो आहे. तमुक गावच्या पाटलांनी गेल्या वर्षी घेतले, त्यांचे भाड्यात पैसे फिटत आले. आपणही घ्यावे, अशा प्रकारची ही बोलणी असतात. ऐकणाऱ्याच्या मनात यंत्राची किंमत तेवढी राहते व बाकीचे विसरले जाते. ह्या विषयावर चार शब्द लिहिणे अवश्य वाटल्यावरून हा लेख लिहिला आहे.

प्रस्तुत लेखकाची हयात महसूल खात्यात कारकुनी करण्यात गेली. तो यंत्रविद्येचा पंडित नव्हे. परंतु सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ ह्या रकान्यात बोजे चढताना त्याने पुष्कळ पाहिले व उतरताना त्या मानाने थोडे पाहिले. विहिरीसाठी किंवा बैलजोडीसाठी चढलेला बोजा बहुधा उतरतो, कारण त्या वस्तू त्याच वावरात राबतात. जी वस्तू वर्षातून साठ तास राबते व तीनशे दिवस धुऱ्यावर उभी राहते, तिच्यासाठी चढलेला बोजा उतरणे कठीण. म्हणून आमचे म्हणणे प्रारंभीच स्पष्ट सांगतो. मध्यम कास्तकाराने जुने खोदयंत्र एकट्याने घेऊ नये. घ्यावयाचे तर दहा घरांनी मिळून, लेखी करार करून घ्यावे. आणि ते घेताना किमतीकडे न पाहता त्याच्या तासांकडे पाहावे.

गरज खरी आहे

ही हौस आहे असे कोणी म्हणेल तर ते खरे नव्हे. आपला मुलूख पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात मोडतो. विहिरीचे पाणी खारे, ते पिकास चालत नाही. जमीन काळी, भारी व चिकण. पावसाळ्यात पाणी साचते आणि पावसाने ताण दिला की भेगा पडतात. अशा जमिनीस पावसाचे गोडे पाणी जागीच धरून ठेवणे हाच मुख्य आधार होय. सुदैवाने जी चिकण माती एरव्ही आपणांस छळते, तीच शेततळ्यात पाणी फारसे झिरपू देत नाही.

शासनानेही ह्याच दिशेने पुष्कळ पैसा घातला. २०१४ च्या अखेरीस जलयुक्त शिवार अभियान निघाले, २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना आली, २०१७ साली धरणांतील गाळ शेतात नेण्याची योजना सुरू झाली, आणि खारपाणपट्ट्यातील गावे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात घेण्यात आली. ह्या सर्व कामांत कुदळ-फावडे मागे पडले व यंत्र पुढे आले. त्यात नवल नाही. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद व तीन मीटर खोल असे शेततळे, बाजूंचा उतार एकास एक धरून खोदले, तर २,१९६ घनमीटर, म्हणजे सुमारे ७७६ ब्रास माती निघते. एवढी माती मजुरांकडून काढावयाची म्हटल्यास आज मजूर मिळत नाहीत, आणि मिळाले तरी पाऊस त्यांची वाट पाहत थांबत नाही.

शेततळ्याखेरीज दुसरीही कामे आहेतच. पांदण रस्त्यावर मुरूम टाकणे, साचलेल्या पाण्यास नाली काढणे, धुऱ्यावरील बाभळी मुळासकट काढणे, शेणखत व गाळ ट्रॉलीत भरणे, ही सर्व कामे पुढे खोरे व मागे खोदणारा हात असलेल्या ह्या यंत्राने उत्तम होतात. तेव्हा यंत्र हवे की नको हा वादच नाही. वाद आहे तो यंत्र कोणी घ्यावे, कोणते घ्यावे व कसे घ्यावे ह्याचा.

तासांचा हिशेब

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. पुढील रुपयांचे व तासांचे आकडे हिशेब समजावा एवढ्याचसाठी धरले आहेत. वाचकांनी आपापल्या गावचे दर घालून तोच हिशेब पुन्हा मांडावा. रीत महत्त्वाची, आकडे बदलतील.

समजा, पंधरा एकरांच्या एका कास्तकाराने आठ लाख रुपयांस जुने यंत्र घेतले. घरी आणताच दीड लाखाची दुरुस्ती निघाली, ती तर निघतेच. भांडवल साडेनऊ लाख झाले. पाच वर्षांनी ते चार लाखांस विकले गेले असे धरू. म्हणजे वर्षाची घट १,१०,००० रुपये. सरासरी गुंतलेल्या पावणेसात लाखांवर शेकडा १२ प्रमाणे व्याज ८१,००० रुपये. पैसे घरचे असले तरी व्याज धरलेच पाहिजे, कारण तेच पैसे दुसरीकडे कामी आले असते. विमा व कागदपत्रे २५,००० रुपये. ऑपरेटरचा व रखवालीचा हंगामाचा पगार ९०,००० रुपये. एकूण ३,०६,००० रुपये. हा खर्च यंत्र एक तासही न चालता होतो.

यंत्र चालले म्हणजे डिझेल, तेल, ग्रीस, गाळण्या, टायर व किरकोळ दुरुस्ती मिळून ताशी ७०० रुपये धरू. गावात भाड्याच्या यंत्राचा दर ताशी १,२०० रुपये असल्यास मालकाच्या हाती ताशी ५०० रुपये उरतात. तीन लाख सहा हजारांस पाचशेने भागले असता ६१२ तास येतात. म्हणजे वर्षातून ६१२ तास काम झाले तर नफा नाही व तोटाही नाही. एक तास कमी झाला की तेवढा तोटा.

आता हे ६१२ तास कोठून आणावयाचे? आपल्या काळ्या जमिनीत तूर व हरभरा निघाल्यावरच वावर मोकळे होते. आणि मृगाचा पहिला मोठा पाऊस पडला की यंत्र चिखलात रुतते. मधला काळ सुमारे शंभर दिवसांचा. त्या शंभरही दिवसांत एक दिवस खाडा न पडता रोज सहा तास यंत्र चालले पाहिजे. जुने यंत्र म्हटले की खाडे हे आलेच.

उलटपक्षी त्याच कास्तकाराचे घरचे काम पाहा. ताशी ४० घनमीटर माती निघते असे धरल्यास मोठे शेततळे ५५ तासांत होते, आणि तेही जन्मातून एकदा. पुढे नाली, गाळ व खत ह्यांची कामे धरून वर्षास ६० तास म्हणजे पुष्कळ झाले. भाड्याने हे काम ७२,००० रुपयांत होते. स्वतःच यंत्र चालविले असे समजून ऑपरेटरचा पगार वगळला, तरी घरच्या यंत्राने तेच काम २,५८,००० रुपयांत, म्हणजे ताशी ४,३०० रुपयांस पडते. ‘बाहेरची कामे घेऊ’ असे उत्तर देणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे की, बाहेरची कामे घेणे हा शेतीचा जोडधंदा नव्हे, तो स्वतंत्र धंदा आहे. त्यात उधारी आहे, वसुली आहे, रात्रीबेरात्री मोडलेले यंत्र ओढून आणणे आहे. ज्याला तो धंदाच करावयाचा आहे त्याने खुशाल करावा. हा लेख त्याच्यासाठी नाही.

लहान घ्यावे की मोठे

आपण ज्यास सरसकट ‘जेसीबी’ म्हणतो ते वास्तविक एका कंपनीचे नाव होय. इंग्लंडातील जोसेफ सिरिल बॅमफर्ड ह्या गृहस्थांनी १९४५ साली हा धंदा सुरू केला. ती त्यांच्या नावाची आद्याक्षरे. हिंदुस्थानात ही कंपनी १९७९ पासून, प्रथम दिल्लीजवळ बल्लभगड येथे, यंत्रे बनवू लागली. आज इतरही अनेक कंपन्यांची तशीच यंत्रे बाजारात आहेत. तेव्हा नावावर न जाता जातीवर जावे.

मोठ्या जातीचे यंत्र सात-साडेसात टनांचे असते व त्याचे इंजिन सुमारे ७५ अश्वशक्तीचे असते. ते ठेकेदाराच्या कामाचे आहे. लहान जातीचे यंत्र वजनाने हलके, डिझेलला कमी, पांदणीतून सहज जाणारे व भारी जमिनीस कमी दाबणारे. काम थोडे सावकाश होते, पण ओलसर काळ्या मातीवर साडेसात टनांचे चाक एकदा फिरले की तेथली जमीन किती घट्ट होते हे नांगरणाऱ्यास ठाऊक आहे. म्हणून पैसे बेताचे असतील तर झिजलेले मोठे यंत्र घेण्यापेक्षा धडधाकट लहान यंत्र घ्यावे, असे आमचे मत आहे. बाजारात लहान जुनी यंत्रे थोडी सापडतात, ही अडचण खरी. त्यासाठी एखादा हंगाम थांबावे लागले तरी थांबावे.

तिसरा मार्ग घरच्या ट्रॅक्टरला पुढे खोरे व मागे खोदणारा हात जोडण्याचा. नाली व खत भरणे एवढेच काम असेल तर हा सर्वांत स्वस्त. मात्र तो हात ट्रॅक्टरच्या पूर्ण लांबीस धरणाऱ्या लोखंडी चौकटीवर बसविलेला असावा. नुसत्या मागल्या तीन-बिंदू जोडणीवर टांगला, तर खोदण्याचा सर्व हिसका गिअरच्या पेटीवर येतो व ती तडकण्याचा संभव असतो. असे झाल्यास यंत्र नाही व ट्रॅक्टरही नाही.

यंत्राची पारख

जुने यंत्र पाहावयास जाताना एक भरवशाचा मिस्त्री बरोबर न्यावा, त्यास त्याची मजुरी द्यावी, व विकणाऱ्याचा चहा पिण्यापूर्वी पुढील गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट, न कळविता सकाळी जावे आणि इंजिनास हात लावून पाहावे. ते आधीच गरम असेल तर समजावे की थंडीत ते सुरू होत नसावे. सुरू झाल्यावर निळसर धूर सतत येत राहिला तर इंजिन तेल जाळते आहे. तेल ओतण्याचे झाकण उघडून पाहावे. तेथून जोराने वाफारा येत असेल तर आतले पिस्टन व रिंगा झिजल्या आहेत.

दुसरी गोष्ट, हायड्रॉलिक. पुढील खोरे व मागील दोन पाय जमिनीवर दाबून सबंध यंत्र वर उचलावे, इंजिन बंद करावे, आणि पंधरा मिनिटे स्वस्थ बसावे. यंत्र आपोआप खाली उतरू लागले तर सिलिंडरांची सिले किंवा झडपा गेल्या आहेत. नंतर एक तास कडक जमिनीत खोदावयास लावावे. थंड असताना जोर करणारा पंप तेल तापल्यावर हात टेकतो, ही लबाडी तासाभरानेच उघडी पडते. पाच मिनिटे खोदून दाखविणाऱ्याकडून यंत्र घेऊ नये.

तिसरी गोष्ट, सांधे. मागील हात लांब करून खोरे जमिनीपासून वीतभर वर धरावे व दोघांनी ते आडवे हलवावे. पिना व बुश ह्यांत थोडीशी झीज असली तरी टोकाशी ती मोठी होऊन दिसते. हाताच्या बुडाशी, जेथे तो डावी-उजवीकडे फिरतो, तेथील झीज सर्वांत महागाची. हातावर व चौकटीवर नव्या रंगाखाली जुने वेल्डिंग आहे काय तेही पाहावे. नुसत्या एकाच भागास ताजा रंग दिसला की संशय घ्यावा.

चौथी गोष्ट, चाल. पुढे व मागे, प्रत्येक गिअरमध्ये चालवून पाहावे आणि खोरे मातीच्या ढिगाऱ्यास लावून रेटून पाहावे. इंजिन गरजते पण चाके जोर करीत नाहीत असे झाले तर ट्रान्समिशनचे काम निघाले. त्याचे तेल दुधासारखे दिसल्यास आत पाणी गेले आहे.

पाचवी गोष्ट आपल्या मुलखापुरती. रेडिएटरचे झाकण, यंत्र थंड असताना, उघडून आत पाहावे. खारपाणपट्ट्यात पुष्कळ जण विहिरीचे खारे पाणीच रेडिएटरात भरतात. त्याने आत पांढरा थर बसतो, पाण्याची वाट अरुंद होते व उन्हाळ्यात इंजिन तापते. असा थर दिसल्यास इंजिन पूर्वी तापले असावे असे धरून चालावे.

तासांच्या घड्याळावर विश्वास ठेवू नये. ते बदलता येते. ब्रेकचे पायटे, बैठक व दांडे किती झिजले आहेत ते पाहावे, ते खोटे बोलत नाहीत. यंत्र आजवर कोठे राबले हेही विचारावे. काळ्या मातीत पाच हजार तास चाललेले यंत्र हे दगडाच्या खाणीत, फोडणारा घण लावून, तीन हजार तास चाललेल्या यंत्रापेक्षा बहुधा चांगले असते.

आणखी एक गोष्ट. चाकांवर चालणाऱ्या नव्या बांधकाम-यंत्रांस १ एप्रिल २०२१ पासून धुराचे ‘भारत टप्पा चार’ व १ जानेवारी २०२५ पासून ‘टप्पा पाच’ हे नियम लागू झाले. त्यांची इंजिने विजेच्या संगणकीय यंत्रणेवर चालतात. ती बिघडली तर गावचा मिस्त्री हतबल होतो. त्यापूर्वीच्या साध्या पंपाच्या इंजिनास अमरावती-बडनेऱ्याचा मिस्त्री पुरतो. कमी पैशांत घेणाऱ्याने ही गोष्ट विचारात घ्यावी.

कागदपत्रे

ह्या बाबतीत प्रस्तुत लेखकास थोडा अधिकार आहे, म्हणून जरा विस्ताराने सांगतो. यंत्र धडधाकट असून कागद लंगडे असतील, तर तो सौदा धडधाकट नव्हे.

नोंदणी पुस्तकावरील इंजिन व चौकटीचा क्रमांक यंत्रावरील क्रमांकाशी अंकन् अंक ताडून पाहावा. पुस्तकावर बँकेचा किंवा वित्त कंपनीचा बोजा असल्यास तो उतरल्याचे पत्र व नमुना ३५ हाती आल्यावाचून पैसे देऊ नयेत. विक्रीबद्दल नमुना २९ व ३० भरून घ्यावेत. यंत्र एमएच-२७ म्हणजे अमरावतीच्या नोंदणीचे नसून दुसऱ्या जिल्ह्याचे असेल, तर तेथील परिवहन कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र लागते किंवा कसे ते आधी विचारावे. परराज्यातील असेल तर त्यावाचून चालतच नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ प्रमाणे घेणाऱ्याने ३० दिवसांच्या आत नाव बदलण्याची सूचना द्यावयाची असते, आणि विमा आपल्या नावे करून घेण्यास १४ दिवसांत अर्ज करावा लागतो. ‘नाव पुढे बदलू’ असे म्हणणाऱ्याचे पुढे कधीच येत नाही. मधल्या काळात अपघात झाला तर कोर्टात दोघांचीही फरफट होते.

दुसरी बाब गौण खनिजाची. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम ४८ प्रमाणे विनापरवाना वाळू, मुरूम किंवा माती काढल्यास बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे, आणि त्या कामी वापरलेले यंत्र जप्त होते. २०१८ सालच्या नियमदुरुस्तीप्रमाणे असे यंत्र सोडविण्याचा दंड साडेसात लाख रुपयांपर्यंत आहे. म्हणजे जेवढ्यास यंत्र घेतले जवळजवळ तेवढाच! म्हणून जुने यंत्र घेताना ते ज्या तालुक्यात राबले तेथील तहसील कार्यालयात जाऊन, त्यावर दंड बाकी आहे काय, ते बंधपत्रावर सोडलेले आहे काय, ह्याची चौकशी करावी. एक दिवस जातो, पण झोप नीट लागते. घेतल्यानंतरही शेजाऱ्याने ‘नाल्यातून दोन ट्रॉल्या काढून दे’ म्हटले, तर आधी परवाना पाहावा व मग यंत्र सुरू करावे. दोन ट्रॉल्यांच्या भिडेपोटी यंत्र तहसीलच्या आवारात उभे राहते.

पैसे कोठून आणावेत

जवळ जेवढे पैसे असतील त्यांच्या दोन तृतीयांशांहून अधिक किमतीचे यंत्र घेऊ नये. बारा लाख असतील तर यंत्र आठ लाखांचे. उरलेले चार लाख दुरुस्ती, टायर व कागदपत्रे ह्यांसाठी बाजूस ठेवावेत. जुन्या यंत्राची किंमत हा त्याचा पहिला हप्ता होय. बाकीचे हप्ते ते स्वतःच, आपल्या सोयीने, वसूल करते.

आणि ह्या कामी वावर गहाण टाकू नये. हे वाक्य आम्ही पुन्हा लिहितो: ह्या कामी वावर गहाण टाकू नये. यंत्राच्या कर्जास यंत्रच तारण असावे. यंत्राची किंमत दरवर्षी उतरते. वावराची गोष्ट तशी नाही. उतरत्या वस्तूसाठी टिकणारी वस्तू अडकविणे हा व्यवहार कोणत्याही शहाण्या सावकाराने स्वतःपुरता केल्याचे ऐकिवात नाही. वावर वडिलांकडून आले असेल, पण ते मुलांचे आहे.

जुन्या यंत्रांचा मोह सरकारासही झाला होता. दुसरे महायुद्ध संपल्यावर अमेरिकन फौजेचे शिलकी ट्रॅक्टर घेऊन १९४७ च्या सुमारास केंद्रीय ट्रॅक्टर संघटना उभी राहिली, व तिने मध्य प्रदेशातील (वऱ्हाड त्या वेळी त्याच प्रांतात मोडत असे) कांस गवताने व्यापलेल्या जमिनी मोडण्यास आरंभ केला. सुरुवात त्या शिलकी यंत्रांनी झाली. परंतु १९४९ साली नवे ट्रॅक्टर घेण्यासाठी जागतिक बँकेकडून एक कोटी डॉलरांचे कर्ज काढावे लागले. जुने यंत्र हे काम सुरू करून देते, कायमचे निभावून नेत नाही, एवढा बोध त्यातून घ्यावा. सरकारपाशी कारखाने व मिस्त्री होते; आपल्यापाशी धुऱ्यावरचे बाभळीचे झाड व एक पान्ह्यांची पेटी आहे.

दहा घरांची भागी

आता कोणी विचारील की, भाड्याचे यंत्र वेळेवर मिळत नाही त्याचे काय? हा आक्षेप पूर्णपणे खरा आहे. मे महिन्यात सर्वांसच यंत्र हवे असते, भाडेवाला मोठ्या कामामागे धावतो, लहान कास्तकाराची पाळी पाऊस पडल्यावर येते, आणि अर्धवट खोदलेले तळे तसेच पडून राहते. केवळ ‘भाड्याने घ्या’ असे सांगून हा प्रश्न सुटत नाही.

त्यावर आमचे उत्तर भागीचे आहे. साठ-साठ तासांची गरज असलेली दहा घरे एकत्र आली की ६०० तास झाले. वरील हिशेबाप्रमाणे दर तासाचा खर्च १,२१० रुपये येतो, म्हणजे जवळजवळ भाड्याइतकाच. आणि यंत्र मात्र आपल्या दारी राहते. बारा लाखांचे दहा भाग केले तर प्रत्येकी एक लाख वीस हजार. एवढ्यासाठी कोणाचा सातबारा अडकत नाही. शेततळी खोदून संपली की घरची गरज कमी होते, म्हणून चार-पाच वर्षांनी यंत्र विकून मोकळे व्हावयाचे हेही पहिल्याच दिवशी ठरवावे.

परंतु भागीचे घोडे किवणाने मेले, ही म्हण आपल्या वाडवडिलांनी उगीच केलेली नाही. भागीचे यंत्र तर ग्रीसवाचून मरते. ह्यास्तव पुढील बंधने लेखी असावीत. यंत्राचा सांभाळ करणारा एकच असावा, व त्यास त्याचा मोबदला मिळावा. ऑपरेटर एकच असावा. प्रत्येकाच्या मुलाने हात साफ करून घेऊ नये. पाळीची यादी दरसाल हंगामापूर्वी चिठ्ठ्या टाकून ठरवावी, आणि वडीलकी, भाऊबंदकी किंवा सरपंचकी पाहून ती बदलू नये. भागीदारानेही ताशी दर रोख भरावा. उधारी भागीदारापासूनच सुरू होते. एखाद्यास बाहेर पडावयाचे झाल्यास त्याचा भाग कोणत्या किमतीस घ्यावयाचा ते आधीच लिहून ठेवावे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे यंत्राची वही. जमिनीस जसा सातबारा तसा यंत्रासही असावा. कोणत्या दिवशी, कोणाच्या वावरात, किती तास चालले, डिझेल किती गेले, ग्रीस केव्हा दिले, तेल केव्हा बदलले, काय मोडले व कितीस दुरुस्त झाले, हे त्याच दिवशी लिहावे आणि ऑपरेटर व वावराचा धनी ह्या दोघांनी सही करावी. ज्या भागीत वही आहे तेथे भांडण झाले तरी मिटते. शिवाय पुढे यंत्र विकताना ह्याच वहीमुळे चार पैसे अधिक येतात, कारण घेणाऱ्यास आपण वर सांगितलेल्या सर्व शंका असतात व वही त्यांचे उत्तर देते.

यंत्र आल्यावर एक काळजी शेतीचीही घ्यावी. आपल्या पट्ट्यात जसजसे खोल जावे तसतसा क्षारांचा अंश वाढतो. म्हणून तळे खोदताना वरची हातभर सुपीक माती निराळी काढून ती वावरात पसरावी, आणि खालची पांढुरकी माती बांधास घालावी. यंत्राच्या घाईत दोन्ही एक करून वावरभर पसरली, तर तळे झाले पण वावर बिघडले असे होईल. यंत्र वेगाने काम करते, तसेच नुकसानही वेगाने करते.

सारांश, यंत्रास आमचा विरोध नाही. उसन्या ऐटीस आहे. ज्यास जुने यंत्र घ्यावयाचे असेल त्याने आधी कागदावर आपले वर्षाचे तास लिहावेत. ते सहाशेच्या जवळ येत नसतील, तर शेजाऱ्याचे दार ठोठवावे. आपल्या संघाच्या सभासदांनी गावोगाव अशी दहा-दहा घरांची यादी दिवाळीपूर्वी केली, हिवाळ्यात सवडीने यंत्रे पाहिली, व हरभरा निघेपर्यंत एखादे निवडले, तर येत्या मृगाआधी पुष्कळ तळी पुरी होतील. उन्हाळ्यात घाईने घेतलेले यंत्र विकणाऱ्याच्या सोयीचे असते, हिवाळ्यात पारखून घेतलेले आपल्या सोयीचे. कास्तकार बंधूंनी ह्याचा विचार करावा, व ज्यांचा ह्याहून वेगळा अनुभव असेल त्यांनी तो आकड्यांसह ह्याच मासिकाकडे लिहून पाठवावा, म्हणजे सर्वांसच त्याचा उपयोग होईल.